चार बोटं खाली

"ही गाठ बघ. हौद्याची कड हितं आली पायजे."

हिंदुरावतात्यांनी खिशातून सुतळीचा तुकडा काढला. त्याचं एक टोक स्वतःच्या पायताणाखाली दाबलं आणि दुसरं डाव्या हातानं वर ताणलं. सुतळीच्या मधे एक गाठ मारलेली होती. ती त्यांच्या मांडीच्या मध्यावर येत होती. मी गाठीकडं पाहिलं, त्यांच्या पिकअपकडं पाहिलं, परत गाठीकडं पाहिलं. मागचा फाळका खाली सोडल्यावर उघडी पडणारी हौद्याची कड गाठीपेक्षा चांगली चार बोटं वर होती.

"तात्या, उलटं सांगताय काय? गाडी चार बोटं उचलायची म्हणताय न्हवं?"

"उचलायची न्हाई, बसवायची. खाली. मला काय खाली-वर कळत न्हाई व्हय?"

मी हातातला पाना खाली ठेवला. फाट्यावर गॅरेज घालून मला तेव्हा अकरा वर्षं झाली होती. पाटे आणि स्प्रिंगा हेच माझं मुख्य काम. अकरा वर्षांत शेकडो गाड्यावाले आले आणि सगळ्यांचं मागणं एकच असायचं, की मिस्त्री, एक पाटा वाढवा, गाडी उचला, लोड जास्त घ्यायचाय. ऊसवाले तेच म्हणायचे, खडीवाले तेच म्हणायचे. गाडी खाली बसवायला आजवर दोघंच आले होते. ती कॉलेजची पोरं होती, त्यांना गाडीवर निळे दिवे लावून कोल्हापूरला मिरवायला जायचं होतं. आणि आता हे बासष्ट वर्षांचे हिंदुराव येसुगडे, डोक्याला पांढरी टोपी, अंगात तीन गुंड्यांचा शर्ट, वीस वर्षं गावोगावचं दूध गोळा करत दूध संघाची लाईन ओढणारे, गाडीच्या आरशाला साधं लिंबूसुद्धा न बांधणारे.

"कशाला पण?" मी विचारलं.

"वारं कमी लागतंय. डिझेल वाचतंय."

"दुधाची गाडी ताशी तिसाच्या वर जात न्हाई तुमची. वारं कसलं लागतंय?"

"मग कॅन हिंदकाळत न्हाईत म्हण."

"उलट जास्त हिंदकाळतील. स्प्रिंग कापली की ताठ हुती."

तात्या टोपी मागं सारून म्हणाले, "तर मग हौस म्हण, निजाम. म्हाताऱ्यानं हौस करू नये असा कायदा हाय?"

मला हसू आलं. पण ते हसत नव्हते. ते त्या सुतळीची नीट घडी घालत होते, एका हातानं, दातात एक टोक धरून.

त्यात शुक्रवारी संघाचा सुपरवायझर येणार होता. ही गोष्ट फाट्यावर सगळ्यांना ठाऊक होती. लाईनींचे करार नव्यानं व्हायचे होते आणि सुपरवायझर प्रत्येक गाडीत एकदा बसून सगळी गावं फिरून येत होता. गाडी कशी आहे, वेळ पाळली जाते का, दूध सांडतं का, हे बघायचं आणि मग पुढची तीन वर्षं लाईन त्याच माणसाकडं ठेवायची की दुसऱ्याला द्यायची ते ठरवायचं. दोन जुने गडी आधीच घरी बसले होते. तात्यांना शेत नव्हतं. पोरगी दिलेली, बायको घरात, आणि ही लाईन. "लाईन गेली तर मी काय करू? पारावर बसून आल्यागेल्याला रामराम घालू?" असं ते मला त्याच महिन्यात एकदा म्हणाले होते.

म्हणजे बघा, परवा परीक्षा आणि आज हा माणूस चांगल्या चालत्या गाडीची स्प्रिंग कापायला निघालेला. माझं डोकंच चालेना.

"शुक्रवार होऊ द्या," मी म्हणालो. "मग बघू निवांत."

"न्हाई, शुक्रवारलाच पायजे, तवर लाईनीला भाड्याची गाडी सांगितलीया. दुपारी तीनला गाडी न्ह्यायला येतो. सांजच्या पाळीला सायब बसणार हाय." त्यांनी सुतळी माझ्या हातात दिली. "गाठीवर कड. जास्त न्हाई, कमी न्हाई."

आता त्या गाडीबद्दल सांगायला हवं. बहुतेक पिकअपना मागं पाटे असतात. ही गाडी मुळात पॅसेंजरची, दहा जणं बसायची होती. तात्यांनी ती जुनी घेऊन मागची अर्धी बॉडी कापली आणि तिथं हौदा बसवला. त्यामुळं तिला मागंसुद्धा पाट्यांऐवजी गोल स्प्रिंगाच होत्या. गोल स्प्रिंग कापायची म्हणजे तिचं एखाद-दुसरं वेटोळं कमी करायचं. काम अवघड नाही, पण ते नीट करावं लागतं. आमचं घराणं शिकलगाराचं. माझा आजा तलवारींना नाही तरी विळ्याकोयत्यांना पाणी द्यायचा, आणि त्यानं मला एक शिकवलं होतं, की पोलाद जास्त तापलं की त्याचं पाणी उतरतं आणि मग ते नुसतं लोखंड उरतं. म्हणून मी स्प्रिंग कधी गॅसनं कापली नाही. ग्राइंडरनं, पाणी मारत मारत, हळूहळू कापायची.

गुरुवारी सकाळी मी गाडी उचलून लोखंडी घोड्यांवर टेकवली, मागचा एक्सल खाली सोडला आणि स्प्रिंगा काढल्या. जमिनीवर त्या शेजारी शेजारी उभ्या करून हिशेब मांडला. चार बोटं खाली यायचं तर दोन वेटोळी जाणार. दोन वेटोळी गेली तर एक्सल आणि चेसिस यांच्यात जेमतेम मूठभर जागा राहणार. भरल्या गाडीनं एक खड्डा घेतला की लोखंडावर लोखंड आपटणार, आणि तेही सुपरवायझर शेजारी बसलेला असताना. मग तो साहेब विचारणार, ही अशी गाडी कुणी केली? फाट्यावरच्या निजाम शिकलगारानं.

मी ग्राइंडर हातात घेऊन बराच वेळ उकिडवा बसून होतो. मग दोन्ही स्प्रिंगांचं एकेकच वेटोळं कापलं.

मला त्यात काही चूक वाटली नाही, हे कबूल करतो. उलट मी स्वतःवर खूश होतो. म्हातारा हौस म्हणतोय, त्याची हौसही भागेल आणि लाईनही वाचेल, असं मी मनाशी म्हणालो. गाडी परत जोडून खाली उतरवली आणि सुतळी लावून पाहिली. कड गाठीच्या दोन बोटं वर होती.

शुक्रवारी दुपारी पावणेतीनला, तात्या यायच्या आधी, मी मागच्या दोन्ही टायरांतली हवा सोडली. पार बसवली नाही, बघणाऱ्याला कळणार नाही इतकी. परत सुतळी लावली. कड बरोब्बर गाठीवर.

तात्या आले, सुतळी मागून घेतली आणि स्वतः पायाखाली टोक दाबून मोजलं. दोनदा मोजलं आणि सुतळी माझ्या हातात परत दिली. मग हौद्याच्या कडेवर हात ठेवून नुसते उभे राहिले. त्यांचा चेहरा एवढा सैल पडलेला मी कधी पाहिला नव्हता.

"जमलं की रं," ते म्हणाले. "निजाम, लई मोठं काम केलंस."

मला आतून चुकल्यासारखं झालं, पण तेवढंच. मी म्हणालो, "मीबी येतो तुमच्यासंगट. लोडात काय आवाज येतोय ते ऐकायला."

"चल. सायब मधी बसंल, तू कडंला बस."

सुपरवायझर पाटोळे नावाचे होते. चाळिशीचे, बारीक मिशी, हातात टाचणवही. फाट्यावरच गाडीत बसले. पेट्रोल पंपाजवळ आल्यावर मी सहज बोलल्यासारखं बोललो, "तात्या, मागची हवा जरा कमी दिसतीय. भरून घेऊ. साहेब हायत संगट, पंक्चर नको." तात्यांनी गाडी पंपात घेतली. मी उतरून हवा भरली, आणि भरता भरता हौदा दोन बोटं वर आला. तात्या स्टेअरिंगवर बसून समोर बघत होते. मी परत येऊन बसलो. आता बोलायचं काही उरलं नाही, असं मला वाटलं.

पहिलं गाव शेंडेवाडी. डेअरीच्या पायरीजवळ सपाट, झाडून काढलेली जागा होती. तिथं गाडी लावायची सोडून तात्या पुढं गेले आणि हातपंपापाशी रिव्हर्स घेऊ लागले. तिथं सांडपाण्याची एक चर होती. मागची चाकं त्या चरीत गचकन उतरली तेव्हा कुठं त्यांनी हँडब्रेक ओढला. चाकांना घोट्याएवढा चिखल लागला.

"इथं का लावली?" पाटोळेंनी विचारलं.

"सावली हाय, सायब."

सावली होती खरी. पण पाच वाजून गेले होते, सावली सगळीकडंच होती. आणि गाडी रोज धुणारा हा माणूस.

तिथले चार कॅन तात्यांनी चढवले. दुधाच्या लाईनीवर एक रीत असते. डेअरीची माणसं कॅन भरून दारापर्यंत आणतात, पण गाडीत तो गाडीवाल्यानंच चढवायचा. दुसऱ्यानं हात लावला तर त्यात गाडीवाल्याची शोभा जाते. तात्यांची तर ह्या बाबतीत ख्याती होती. ऐन उमेदीत ते दोन्ही हातांत दोन भरलेले कॅन घेऊन चालायचे, असं लोक सांगायचे. आता ते निराळ्या पद्धतीनं चढवत होते. डाव्या हातानं कडी धरायची, गुडघा कॅनच्या बुडाखाली घालायचा, अंगाचा एक हिसका द्यायचा आणि कॅन कडेवर टेकला की छातीनं आत ढकलायचा. उजवा हात खालीच, कॅनच्या अंगाला नुसता लागलेला. जुन्या माणसांची काहीतरी लकब असेल असं मला वाटलं.

दुसरं गाव कुरणवाडी. तिथंही तेच. डेअरी एकीकडं, आणि तात्यांनी गाडी उकिरड्याच्या कडेला नेऊन मागची चाकं खोलगट जागेत उतरवली.

"आता इथं का?"

"ह्या अंगानं वळवाय बरी पडतीय."

पाटोळेंनी माझ्याकडं पाहिलं. मी खांदे उडवले. त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. हा माणूस आज मुद्दाम स्वतःची लाईन घालवायला निघालाय की काय? एक तर परीक्षेच्या आदल्या दिवशी स्प्रिंग कापून घेतली, आता साहेबाला चिखल तुडवायला लावतोय. पाणी कुठं मुरतंय तेच मला कळेना. गाडीचा आवाज ऐकायला आलो होतो, तर गाडी मुकाट चालत होती. नऊ कॅन चढले तरी ती फारशी दबली नव्हती, कारण कापलेली स्प्रिंग ताठ झाली होती.

तिसरं गाव भैरेवाडी. तिथं अकरा कॅन असायचे.

डेअरीचा सेक्रेटरी अंकुश दारातच उभा होता, हात पसरून. "या साहेब, या! बघा, पंधरा दिवसांपूर्वी कोबा केला, आज गाडीला मोकळा केला. तात्या, बोललो हुतो तशी तुमची वडाखालची चर काल मुजवून टाकली बरं का. आता तुमचं चाक चिखलात जायचं न्हाई."

डेअरीपुढं गुळगुळीत, पांढरा, पाटासारखा सपाट कोबा होता. तात्यांनी त्यावर गाडी घेतली. थोडी पुढं, थोडी मागं, परत थोडी पुढं. कुठंही चाक उतरायला जागा नव्हती. शेवटी त्यांनी गाडी बंद केली आणि खाली उतरून टोपी नीट केली. साहेब बाजूला उभे राहिले. अंकुश होता, दूध घालायला आलेली पाच-सहा माणसं होती, मी होतो.

तात्यांनी पहिला कॅन धरला. डावा हात कडीला, गुडघा बुडाखाली, अंगाचा हिसका. कॅन वर गेला आणि त्याचं बूड हौद्याच्या कडेला खालून लागलं. दोन बोटं. मी तिथून चार पावलांवर होतो आणि मला ती दोन बोटं स्वच्छ दिसली. तात्यांनी उजवा हात वर न्यायचा प्रयत्न केला. तो कमरेपर्यंत आला आणि थांबला. कॅन परत आला, त्यांच्या नडगीवर आपटला, झाकण उडालं आणि चाळीस लिटर दूध त्या नव्या कोब्यावर पसरत गेलं.

एक कुत्रं कुठूनसं आलं आणि दूध चाटू लागलं.

त्या क्षणी मला सगळं कळलं. वारं नव्हतं, डिझेल नव्हतं, हौस तर नव्हतीच नव्हती. सुतळीची गाठ म्हणजे उजव्या हाताशिवाय, नुसत्या डाव्या हातानं आणि गुडघ्यानं कॅन जिथवर वर जात होता ती शेवटची जागा होती. दीड-दोन वर्षं ते गावोगावच्या चरी आणि खड्डे शोधून गाडी बसवत आले होते, आणि भैरेवाडीची चर बुजणार हे कळल्यावर त्यांच्यापुढं एकच वाट उरली होती. ती वाट त्यांनी माझ्याकडं आणून दिली होती, गाठ मारून, आणि मी तिच्यातली दोन बोटं शहाणपणानं स्वतःकडं ठेवून घेतली होती. मला माझी अशी लाज वाटली की तोंड कुठं लपवावं कळेना.

"येसुगडे," पाटोळे हळू म्हणाले, "किती दिवस झाले हे असं?"

तात्या नडगी धरून उभे होते. दुधाकडं बघत होते. "न्हाई सायब, जरा निसटला..."

"वय झालं की तात्यांचं," अंकुश म्हणाला. वाईट मनानं नाही, समजावणीच्या सुरात. "आमीच द्यावं का चढवून?"

तात्यांनी मान वर केली. त्यांच्या तोंडावर जे होतं ते मला बघवलं नाही.

"कुणी हात लावू नका!" मी ओरडलो. सगळे माझ्याकडं वळले. "साहेब, चूक माझी हाय. स्प्रिंग कालच बदललीय. नवीन स्प्रिंग बसेपर्यंत लोडिंगला मागची हवा कमी ठेवायची असती, आणि मीच पंपावर जास्त भरली. तुमच्यासमोर भरली की!"

हे असलं शास्त्र जगात कुठं नाही. पण मी त्यांना विचार करायला वेळ दिला नाही. मागच्या चाकापाशी दुधातच गुडघे टेकून बसलो आणि व्हॉल्वची पिन दाबली. फुस्स करून हवा निघू लागली. एक टायर, मग दुसरा. हौदा हळूहळू खाली येत होता. माझ्या खिशात ती सुतळी होती. मी ती काढली, कोब्यावर टोक धरलं आणि कडेला लावली. अजून एक बोट. परत पिन दाबली. गाठ कडेशी आली तसा उठलो.

"तात्या, आता बघा," मी म्हणालो.

त्यांनी सुतळीकडं पाहिलं, टायरांकडं पाहिलं, मग माझ्याकडं. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं. त्यांनी दुसरा कॅन धरला. डावा हात, गुडघा, हिसका. बूड कडेवर अलगद टेकलं आणि छातीच्या एका रेट्यानं कॅन आत सरकला. मग तिसरा. मग चौथा. मी मोजत होतो, आणि बहुतेक पाटोळेही मोजत होते, कारण त्यांनी वही मिटली होती. राहिलेले दहाच्या दहा कॅन तात्यांनी चढवले. शेवटच्यानंतर त्यांनी फाळका लावला आणि टोपीनं कपाळ पुसलं.

"हवा भरून घ्या आता," पाटोळे मला म्हणाले. "एवढ्या लोडावर अशी न्यायची नाही. मी चहा घेऊन येतो." आणि ते अंकुशबरोबर आत गेले. त्यांना काय कळलं आणि काय नाही, ते मला आजही सांगता येत नाही.

गाडीत पायाचा पंप होता. भरलेल्या गाडीखालचे दोन टायर पायपंपानं भरायचे म्हणजे काय, ते ज्यानं भरलंय त्यालाच विचारा. मी मारत होतो. तात्या शेजारी उभे होते.

"पंपावर हवा भरलीस तवाच मला कळाय पायजे हुतं," ते म्हणाले.

"तात्या, मला वाटलं गाडी खाली आपटंल. तुमची लाईन जाईल म्हणून मी..."

"मी काय सांगितलं हुतं? जास्त न्हाई, कमी न्हाई."

"मग खरं कारण सांगायचं हुतं की!"

मी पंप मारत राहिलो. घाम डोळ्यांत उतरत होता.

"खांदा गेलाय," शेवटी ते म्हणाले. "दीड वरीस झालं. उजवा हात कंबरंच्या वर जात न्हाई. घरात बायकोलाबी ठाव न्हाई. शर्ट ती घालू लागती तर तिला वाटतंय मी लाडात आलोय." ते किंचित हसले. "तुला सांगितलं असतं तर तू माझी कीव करून फुकटात करून दिलं असतंस. मला ते नको हुतं."

मी परत पंपावर पाय ठेवला.

लाईन राहिली. पंधरा दिवसांनी करार आला, तीन वर्षांचा. त्याच्या आधीच, शनिवारी सकाळी, मी त्या स्प्रिंगांचं दुसरं वेटोळं कापलं. एक्सल आणि चेसिसच्या मधलं रबर तासून अर्धं केलं आणि तात्यांनी खेपेला दोन कॅन कमी घ्यायचे असं ठरवलं. गाडी कधीमधी आपटायची, पण चालली. फाट्यावरची माणसं तात्यांना चेष्टेनं "कॉलेजकुमार" म्हणायला लागली. तात्या ऐकून घ्यायचे आणि मिशीत हसायचे. मी कुणाला काही सांगितलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात ते परत आले. खिशातून सुतळी काढली. गाठ सोडून नवी मारली होती, आधीपेक्षा एक बोट खाली. मी अर्धं वेटोळं कापलं. त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात परत एक बोट. तेव्हा मागं लहान टायर घातले. तिसऱ्या वर्षी ते आले, पायाखाली टोक दाबलं, आणि गाठ जिथं आली ती जागा बघून मी गाडीखाली जायचंसुद्धा सोडून दिलं.

"किती कापाय लागंल?" त्यांनी विचारलं.

"तात्या, आता कापायला काय उरलं न्हाई."

ते तिथंच टायरावर बसले. मी चहा सांगितला. त्यांनी तो डाव्या हातानं प्यायला, सावकाश, तळाचा घोटसुद्धा ठेवला नाही.

"करार बी संपतोय म्हणा पुढच्या म्हयन्यात," ते म्हणाले. "मग असू दे. वीटभट्टीचा एक जण गाडी मागतोय. त्याला उंच पायजे. पहिल्यासारखी करून दे."

कापलेली स्प्रिंग जोडता येत नाही. मी बाजारातून नव्या आणल्या, जुन्या होत्या तेवढ्याच उंचीच्या, जुन्या मापाचे टायर घातले आणि गाडी खाली उतरवली. ती उभी राहिली तशी मलाही जरा निराळीच वाटली, इतकी वर्षं तिला बसलेली बघायची सवय झाली होती.

तात्या तिच्यामागं जाऊन उभे राहिले. त्यांनी डावा हात हौद्याच्या कडेवर ठेवला. मग उजवा ठेवायला गेले, तो अर्ध्यावर राहिला, तसा खाली सोडला. बराच वेळ ते त्या कडेकडं बघत होते. ह्याच कडेवर त्यांनी अठरा वर्षं दोन्ही हातांनी कॅन चढवले होते. मग ते माझ्याकडं वळले. त्यांच्या चेहऱ्यावर दुःख नव्हतं. ते खरंच गोंधळले होते.

"निजाम," त्यांनी विचारलं, "एवढी उंच हुती व्हय रं ही?"

"एवढीच हुती, तात्या," मी म्हणालो.